चाळीस टक्के कशाचे? पुस्तकाचे दुकान आणि ‘रिपीट’चा हिशेब

प्रश्न लातूरच्या एका निवृत्त शिक्षकांचा आहे. त्यांनी आपली २०८ पानांची कादंबरी स्वखर्चाने छापली, ५०० प्रती काढल्या आणि किंमत ३०० रुपये ठेवली. प्रकाशन समारंभात आणि ओळखीपाळखीत १४० प्रती गेल्या, उरलेल्या ३६० प्रतींचे गठ्ठे घरात आहेत. पुण्यातल्या एका दुकानदाराने ४० टक्के कमिशन सांगितले आणि पैसे प्रत विकल्यानंतरच मिळतील असे बजावले; वितरकाने थेट ५० टक्के मागितले. एवढी टक्केवारी नेमकी कशासाठी द्यायची, आणि दुकाने वगळून सगळी पुस्तके ऑनलाइन विकली तर काय बिघडेल, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली अठ्ठावीस वर्षे मराठी पुस्तकांच्या व्यवसायात आहे. पहिली सहा वर्षे पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानाच्या काउंटरवर काढली आणि नंतर वितरणात आलो. त्यामुळे प्रकाशकाकडून घेणारा आणि दुकानाला देणारा अशा दोन्ही बाजूंनी हा हिशेब मी रोज पाहतो.

आधी तुमच्याच पुस्तकाचे आकडे मांडून पाहू. सोळा पानांचा एक ताव याप्रमाणे तेरा फर्मे, मुखपृष्ठ, बांधणी हे सगळे धरून एका प्रतीला ९० रुपये खर्च आला असे समजू, म्हणजे ५०० प्रतींचे ४५,००० रुपये झाले. ५० टक्क्यांनी दिलेली प्रत वितरकाला १५० रुपयांना पडते. तो ती दुकानदाराला ३५ टक्क्यांनी, म्हणजे १९५ रुपयांना देतो. मधल्या ४५ रुपयांत त्याचे गोदाम, माणसे, पार्सलचे भाडे, वसुलीसाठीचा प्रवास आणि बुडालेली उधारी बसते. दुकानदाराकडे १०५ रुपये राहतात, पण समोरचे गिऱ्हाईक दहा टक्के सूट मागतेच, म्हणून प्रत्यक्षात ७५ राहतात. त्यातून शहराच्या मध्यवस्तीतल्या गाळ्याचे भाडे, वीज आणि पगार निघायचे असतात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही ही वाचकाच्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. मात्र त्याच कारणाने कागद, छपाई आणि वाहतूक यांवर भरलेला कर या साखळीत कोणालाच वजा करून घेता येत नाही आणि तो किमतीत मुरतो.

नेहमीच्या प्रकाशकाचे गणित याहून अवघड असते. त्याला १५० रुपयांतून लेखकाचे १० टक्के मानधन, म्हणजे ३० रुपये, बाजूला काढावे लागतात. उरलेल्या १२० रुपयांत ४५,००० भरून निघायला ३७५ प्रती विकल्या जाऊन त्यांचे पैसे हाती यावे लागतात. भेटीच्या आणि अभिप्रायासाठी दिलेल्या प्रती वगळल्या तर पहिल्या आवृत्तीत त्याला जेमतेम पन्नास-साठ प्रतींचा नफा उरतो. म्हणून कोणताही प्रकाशक पहिल्या आवृत्तीवर जगत नाही, त्याचे सारे लक्ष पुनर्मुद्रणाकडे असते. तुमची स्थिती मात्र बरी आहे. १४० प्रती तुम्ही २० टक्के सवलतीने, प्रत्येकी २४० रुपयांना दिल्या असतील तर ३३,६०० रुपये आलेच आहेत. राहिलेले ११,४०० रुपये वितरकाच्या दरानेही ७६ प्रतींमध्ये भरून निघतात. तेव्हा तोट्याची भीती तुम्हाला फारशी नाही. उरलेल्या प्रती अनोळखी वाचकांपर्यंत कशा पोहोचतील, हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे आणि दुकानाचे काम तिथूनच सुरू होते.

हे काम मी काउंटरवर शिकलो. आमच्या दुकानात एक ज्येष्ठ विक्रेते होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. एक प्राध्यापक दर शनिवारी संध्याकाळी येत आणि ठरवून आलेले एखादे पुस्तक मागत. काका ते पुस्तक काढून देत आणि त्यासोबत आणखी दोन पुस्तके काउंटरवर ठेवून म्हणत, “हे तुम्ही मागितलेले नाही, पण पहिली चार पाने बघा.” प्राध्यापक तिथल्या स्टुलावर बसून वाचत. बहुतेक वेळा दोन्ही पुस्तके फळीवर परत जात, कधी त्यातले एक पिशवीत जाई. पुढच्या शनिवारी काका न चुकता विचारत, “कसे वाटले?” मिळालेले उत्तर दोन-तीन शब्दांत खिशातल्या छोट्या वहीत उतरे. प्राध्यापकांसारखी साठ-सत्तर माणसे त्या वहीत होती. एखाद्या नव्या लेखकाबद्दल चार-पाच नोंदी चांगल्या आल्या की काका पाठकोऱ्या कागदावर पुस्तकाचे नाव आणि पुढे ‘आणखी ५’ एवढेच लिहून ती चिठ्ठी वितरकाच्या माणसाच्या हातात देत.

ज्याला आम्ही ‘रिपीट’ म्हणतो ती ही चिठ्ठी. पहिल्या पाच प्रती दुकानात कशा गेल्या याला फारसे महत्त्व नसते. प्रकाशकाची ओळख असते, वर्तमानपत्रात परीक्षण आलेले असते, किंवा वितरकाने चार चालणाऱ्या पुस्तकांबरोबर एक नवे पुस्तक गळी उतरवलेले असते. दुसरी ऑर्डर मात्र दुकानदार स्वतःच्या खिशाकडे पाहून देतो. माझ्या नोंदवहीत प्रत्येक नव्या पुस्तकापुढे साठ दिवसांत आलेल्या रिपीटसाठी एक रकाना आहे, आणि मला सांगताना वाईट वाटते, बहुसंख्य पुस्तकांपुढे तो कोराच राहतो.

मराठीत कोणत्या पुस्तकाच्या किती प्रती खपल्या याची विश्वासार्ह, एकत्रित मोजदाद उपलब्ध नाही. त्यामुळे पुनर्मुद्रणाचा विचार करणारा प्रकाशक मला फोन करून विचारतो, “रिपीट कुठून आले?” पुण्यातल्याच तीन दुकानांतून आले असेल तर ती लेखकाच्या गोतावळ्याची खरेदी असू शकते. पण कोल्हापूर, नाशिक आणि नागपूर येथून, एकमेकांशी संबंध नसलेल्या दुकानांतून, महिन्याभरात दोन-दोन, तीन-तीन प्रतींची मागणी आली असेल, तर पुस्तक आपल्या पायांनी चालू लागले आहे असे आम्ही समजतो. असे किरकोळ दिसणारे आकडे पाहून मी प्रकाशकांना पाचशे प्रती आणखी छापायला सांगितले आहे, आणि समारंभात एका संध्याकाळी दोनशे प्रती गेलेल्या पुस्तकांच्या बाबतीत थांबायलाही सांगितले आहे. पुढचे पुस्तक कोणाचे घ्यायचे, त्याच्या किती प्रती छापायच्या, किंमत किती ठेवायची हे निर्णय अशा रीतीने दुकानातून प्रकाशकाच्या टेबलावर पोहोचतात. लेखकाला हा प्रवास दिसत नाही, म्हणून टक्केवारी तेवढी डोळ्यांवर येते.

मराठी प्रकाशनाचा इतिहासही हेच सांगतो. मुंबईत १९२४ साली सुरू झालेल्या पॉप्युलर बुक डेपोतून पुढे पॉप्युलर प्रकाशन उभे राहिले आणि १९५२ पासून त्यांनी मराठी साहित्य प्रकाशित करायला घेतले. गिरगावातल्या मॅजेस्टिकचा प्रवासही विक्रीकडून प्रकाशनाकडेच झाला. आधी गिऱ्हाइकाच्या हातात पुस्तक द्यायचे, त्याची आवड ओळखायची आणि मग छापायला घ्यायचे, असा तो क्रम होता.

दुकाने वगळण्याचा प्रयत्न आपल्याकडे झालेला नाही असे मात्र समजू नका. १९७४ साली सुरू झालेल्या ग्रंथालीने वाचकांनाच सभासद करून घेतले, पुस्तके कमी किमतीत दिली आणि जिथे दुकानच नव्हते अशा गावांपर्यंत ग्रंथयात्रा नेल्या. तो प्रयोग मराठीला फार मोठे देणे देऊन गेला असे माझे मत आहे. पण त्यामागे कार्यकर्त्यांचे गावोगाव पसरलेले जाळे होते, एका लेखकाला एका पुस्तकासाठी तसे जाळे उभारता येत नाही. ग्रंथालीची पुस्तकेही आज दुकानांच्या फळ्यांवर असतात.

आता ऑनलाइन विक्रीबद्दल. ती जरूर करा. बुकगंगासारख्या मराठी संकेतस्थळामुळे इंदूर, बडोदा, बेळगाव, गोवा किंवा परदेशात राहणाऱ्या वाचकाला हवे ते मराठी पुस्तक मागवता येऊ लागले, ही माझ्या कारकिर्दीत घडलेली सर्वांत चांगली गोष्ट मी मानतो. टपालाची बाजूही १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ज्ञान पोस्ट’ या टपाल खात्याच्या पुस्तकांसाठीच्या सेवेमुळे थोडी सावरली आहे, ३०० ग्रॅमपर्यंतचे पार्सल २० रुपये अधिक कर या दराने जाते. तुमचे पुस्तक वेष्टनासह या मर्यादेच्या आसपास भरेल, तेव्हा जाड पुठ्ठा घालण्याआधी वजन करून पाहा. परंतु ऑनलाइन विक्रीत पुस्तक तोच मागवतो ज्याला त्याचे नाव आधीपासून ठाऊक असते. ज्याने तुमचे नाव कधी ऐकलेले नाही त्याच्यासमोर ते संगणकाच्या पडद्यावर आपोआप येत नाही. आले तरी त्याला पहिली चार पाने चाळायला देणारे तिथे कोणी नसते. माझ्या अनुभवात नव्या लेखकाच्या पुस्तकाला ऑनलाइन मागणी येते ती बहुधा दुकानात, ग्रंथालयात किंवा प्रदर्शनात कोणी तरी ते पाहिल्यानंतर.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. दुकानात ३०० रुपयांना असलेले पुस्तक लेखक स्वतः समाजमाध्यमावर १८० रुपयांत घरपोच देऊ लागला की दुकानदार त्याच दिवशी ते फळीवरून काढतो, आणि त्याचे चूक आहे असे मला म्हणता येत नाही. काउंटरवर पुस्तक चाळून, किंमत फोनवर ताडून पाहून निघून जाणारे गिऱ्हाईक त्याने रोज पाहिलेले असते. फ्रान्सने १९८१ साली कायदा करून नव्या पुस्तकावरची सूट पाच टक्क्यांपुरती मर्यादित केली, ती लहान दुकाने टिकावीत म्हणूनच. आपल्याकडे तसा कायदा नाही, त्यामुळे हे पथ्य लेखकाने आणि प्रकाशकाने स्वतःहून पाळायचे आहे. प्रकाशनपूर्व सवलत जरूर द्या, ती आपल्याकडची जुनी आणि सर्वमान्य रीत आहे. पण पुस्तक दुकानात गेल्यावर तुमची सवलत दुकानाच्या सवलतीहून जास्त असू नये.

वेळेचेही असेच आहे. दुकानाचे वर्ष साहित्याच्या सोयीने चालत नाही. मे अखेरीपासून जुलैपर्यंत अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते, कारण शालेय पुस्तके, वह्या आणि गाइडे यांवरच पुष्कळ दुकानांची वर्षाची कमाई होते. जिल्ह्याच्या ठिकाणी तर साहित्याची एखादीच फळी असते आणि ती पाठ्यपुस्तकांच्या जिवावर उभी असते. त्या दिवसांत नवी कादंबरी घेऊन गेलात तर गठ्ठा न सोडता पोटमाळ्यावर जातो. दिवाळीच्या आधी महिनाभर दर्शनी जागा दिवाळी अंकांची असते. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली ही परंपरा आजही दुकानाला त्या महिन्यात हात देते. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत प्रदर्शने, साहित्य संमेलन आणि २०२३ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणारा पुणे पुस्तक महोत्सव यांमध्ये विक्रेते गुंतलेले असतात.

आणि मार्च हा ग्रंथालयांचा महिना असतो. या बाजूकडे नवे लेखक पूर्ण दुर्लक्ष करतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १९६७ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात अ, ब, क आणि ड वर्गांची हजारो सार्वजनिक ग्रंथालये अनुदानावर चालतात आणि अनुदानाचा काही भाग त्यांना ग्रंथखरेदीवर खर्च करावा लागतो. तालुक्याच्या ग्रंथालयाचे सचिव आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी दुकानात येतात तेव्हा त्यांना तीस प्रकाशकांची दीडशे पुस्तके हवी असतात आणि या सगळ्यांचे मिळून, लेखापरीक्षणाला चालेल असे, एकच बिल हवे असते. एकट्या लेखकाला त्यांच्याकडे जाऊन एक प्रत विकता येते, पण ते एक बिल त्याला देता येत नाही. हे काम दुकानदार किंवा वितरकच करू शकतो. त्यांच्यामार्फत एका मार्च महिन्यात तुमच्या कादंबरीच्या साठ-सत्तर प्रती, तुम्ही कधी पाहिले नाही अशा गावांत जाऊ शकतात आणि तिथली एक प्रत पंधरा-वीस जण वाचतात. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीसाठी पुस्तक वेळेत पाठवा. मात्र ग्रंथालयांना साठ टक्के सूट देता यावी म्हणून १५० रुपयांच्या पुस्तकावर ४०० रुपये छापण्याची जी वाईट सवय काहींनी लावली आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. असे पुस्तक काउंटरवर आलेला वाचक किंमत पाहूनच खाली ठेवतो.

दुकानांची बाजू घेताना त्यांचे दोष झाकायचे नाहीत. पुस्तके दुकानात जातात ती बहुधा विक्री-परतीच्या बोलीवर, जुन्या व्यापारी भाषेत जांगडावर. विकले तर पैसे, नाही तर परती. कागदावर ही मुदत नव्वद दिवसांची असते, प्रत्यक्षात सात-आठ महिने सहज लागतात. एका जिल्ह्याच्या गावातले दुकान माझे लाखाच्या घरातले येणे न देताच बंद झाले. दुसऱ्या एका ठिकाणाहून चाळीस प्रती चौदा महिन्यांनी परत आल्या, तेव्हा काचेजवळ ठेवल्यामुळे त्यांच्या कण्यांचा लाल रंग गुलाबी झाला होता आणि मुखपृष्ठांवर किमतीच्या चिकटपट्टीचे डाग होते. त्या प्रती नव्या म्हणून विकता येईनात आणि प्रकाशकाला मी काय तोंड दाखवू, असे मला झाले. चांगली दुकानेही बंद होतात. शानभागांनी १९४८ मध्ये स्ट्रँड सिनेमातल्या एका छोट्या जागेत सुरू केलेला, पुढे फोर्टमध्ये नावारूपाला आलेला मुंबईचा स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये बंद झाला. असे दुकान मिटते तेव्हा काकांच्या वहीतल्यासारख्या शेकडो नोंदी त्याच्याबरोबर जातात आणि त्या लेखकाला पुन्हा मिळत नाहीत.

म्हणून दुकानात द्या, पण थोडे आणि हिशेबाने द्या. एका दुकानात पाचपेक्षा जास्त प्रती ठेवू नका. पंचवीस प्रतींचा गठ्ठा आतल्या खोलीत पडतो, पाच प्रती फळीवर बसतात. प्रत्येक वेळी पुस्तके दिल्याची पावती, म्हणजे चलन, दोन प्रतींत करा, त्यावर कमिशन, परतीची मुदत आणि खराब झालेल्या प्रतीची जबाबदारी लिहून सही घ्या. दर तीन महिन्यांनी फोन करा. पाच विकल्या असे कळले तर आधी त्या पाचांचे पैसे घ्या आणि मगच पुढच्या पाच द्या. गावात गेलात तर दुकानात जा, पण स्वतःचे पुस्तक पुढच्या रांगेत सरकवू नका. सध्या गिऱ्हाईक काय मागते ते काउंटरवरच्या माणसाला विचारा आणि तुमच्या कादंबरीचा विषय त्याला दोन वाक्यांत सांगा. ती दोन वाक्ये तो पुढे शंभर वेळा बोलणार असतो.

पुस्तकाच्या अंगच्या काही गोष्टी पुढच्या आवृत्तीत सुधारता येतील. फळीवर पुस्तक कण्याच्या बाजूने दिसते, म्हणून कण्यावरची अक्षरे चार फुटांवरून वाचता आली पाहिजेत. मलपृष्ठावर लेखकाच्या पुरस्कारांची यादी देण्यापेक्षा कादंबरी कशाबद्दल आहे ते लिहावे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आणि बारकोड नसेल तर संगणकावर बिल करणारी दुकाने पुस्तक घ्यायला कुरकुरतात. तो क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो आणि लेखकालाही स्वतः अर्ज करता येतो.

तुमच्या ३६० प्रतींची वाटणी मी अशी करीन. लातूर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, पुणे, नाशिक, कोल्हापूर, दादर आणि नागपूर अशा आठ ठिकाणी एका-एका दुकानात पाच, म्हणजे ४० प्रती. वितरकाला ५० टक्क्यांनी १५०, पण एकदम नाही. आधी ७५ आणि त्यांचा हिशेब झाल्यावर ७५. ग्रंथालयांच्या मार्चच्या खरेदीसाठी १०० प्रती राखून ठेवाव्यात आणि त्या त्याच वितरकामार्फत जाव्यात. ५० प्रती ऑनलाइन आणि टपालाने येणाऱ्या मागणीसाठी, उरलेल्या २० परीक्षणासाठी. पहिली पार्सले ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात निघू देत, तोवर शाळांची गर्दी ओसरलेली असते आणि दिवाळी अंक यायला दोनेक महिने असतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आठही दुकानांना फोन करा आणि कोणी दुसऱ्यांदा किती प्रती मागितल्या ते तारखेसह एका कागदावर लिहून ठेवा. पुढच्या कादंबरीसाठी एखाद्या प्रकाशकाकडे जाल तेव्हा हस्तलिखितासोबत हा कागदही न्या, प्रकाशक तो कागदच आधी वाचेल.